रिकाम्या कबरीची चौकशी



गेल्या खेपेस या सदरात बचतगटाच्या हिशेबवहीविषयी लिहिले होते. त्यावर बऱ्याच भगिनींचे फोन आले. त्यांचे प्रश्न मी टिपून ठेवले आहेत, पुढच्या वेळी एकेक घेऊ. आज विषय सिनेमाचा आहे. सिनेमावर लिहिणे हे माझे काम नव्हे. माझे काम जावक-आवक नोंदवहीचे, जमाखर्चाचे आणि संध्याकाळी वस्तीतल्या मंडळाचे. परंतु या सिनेमात एक चौकशी आहे, आणि चौकशी म्हटली की कारकुनाचे कान टवकारतात.

आमच्या कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर गेली एकोणीस वर्षे एक ख्रिस्ती सहकारी बसतात. रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवतात म्हणून आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणतो. मी मंडळाचा सेक्रेटरी, म्हणून ते मला सेक्रेटरी म्हणतात. दोघांचीही मूळ गावे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातली, एकाच तालुक्यातली. त्यांचे पणजोबा मिशनकडे गेले, माझे आजोबा १९५६ साली नागपूरला गेले. त्याआधीचा दोघांचा पत्ता एकच होता, तो इथे लिहायची गरज नाही. डबा आम्ही एकत्र खातो. वाद रोज घालतो. मी शंका काढायच्या, त्यांनी हसून वचन सांगायचे, आणि चहा ज्याची पाळी असेल त्याने पाजायचा, असा शिरस्ता.

यंदा गुड फ्रायडेच्या सुट्टीत ते म्हणाले, "सेक्रेटरी, आमच्याकडे या. तुमच्यासारख्या शंकेखोराचाच एक सिनेमा आहे. येशूच्या कबरीची पोलीस-चौकशी आहे म्हणा ना. शिष्यांपैकी कोणी नाही सांगत गोष्ट, एक रोमन अंमलदार सांगतो. त्याचा कशावरच विश्वास नाही."

मी गेलो. एक तर सुट्टी होती. दुसरे म्हणजे मास्तरांच्या घरी गेल्या काही वर्षांत फारसे कोणी जात नाही, त्याचे कारण पुढे येईल.

येशूचा सिनेमा मी पूर्वी एकदाच पाहिला होता. लहानपणी वस्तीच्या मोकळ्या जागेत दोन बांबूंना पांढरे कापड बांधून 'दयासागर' दाखवला होता. मूळ तेलुगू 'करुणामयुडु', १९७८ सालचा, विजयचंदर यांनी येशूचे काम केलेला. हिंदीत आला आणि मिशनच्या मंडळींनी तो खेडोपाडी नेला. आम्ही पोरे कापडाच्या मागच्या बाजूला बसलो होतो, कारण पुढे जागा नव्हती. त्यामुळे त्या दिवशी येशूने सगळ्यांना डाव्या हाताने आशीर्वाद दिला. खिळे ठोकले तेव्हा बायका रडल्या, आमच्याही घरच्या रडल्या. कोणाचा धर्म कोणता हे त्या रडण्यात नव्हते. अंगावर कोरडे ओढलेल्या माणसाला पाहून आमच्या आज्यांना रडू यायला वेगळे कारण लागत नव्हते.

आणि हेही सांगून ठेवतो की आपल्या मराठी माणसाच्या सिनेमाची सुरुवातच मुळी येशूच्या सिनेमाने झाली. १९१०च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळक्यांनी 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा मूकपट पाहिला, आणि पडद्यावर ख्रिस्त हलतो तर राम-कृष्ण का हलू नयेत हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. पुढे देवादिकांची जी रांग पडद्यावर लागली ती अजून संपलेली नाही. फाळक्यांनी त्या चित्रपटाकडे पाहून चमत्कार कसे दाखवायचे हे शिकून घेतले. शंका कशी दाखवायची हे मात्र आपल्या पौराणिक चित्रपटांनी शिकायचे राहूनच गेले. आपल्याकडे शंका घेणारा म्हणजे हिरण्यकश्यपू. त्याचे पोट फाडले की सिनेमा संपला.

म्हणूनच मला या चित्रपटाचे नवल वाटले. नाव 'रिझन', म्हणजे उठलेला. २०१६ साली अमेरिकेत लागला. दिग्दर्शक केव्हिन रेनॉल्ड्स. चित्रीकरण माल्टा आणि स्पेन इथले. नायक क्लेव्हियस नावाचा रोमन ट्रिब्यून, काम जोसेफ फाइन्स या ब्रिटिश नटाचे. चेहरा असा की गेली पंधरा वर्षे रजा मिळालेली नाही. हे पात्र बायबलात नाही, लेखकांनी रचलेले आहे.

सुरुवातीला क्लेव्हियस बंडखोरांशी लढून येतो. अंगावरची धूळ झटकतो न झटकतो तोच सुभेदार पिलाताचा निरोप येतो. एका डोंगरावर तिघांना क्रुसावर दिले आहे, ते काम लवकर उरका. तो जातो. मधला माणूस मेलेला असतो. क्लेव्हियस भाला मारून खात्री करून घेतो. त्याच्या दृष्टीने फाईल बंद. पुढे पुरोहित येऊन सांगतात की हा तिसऱ्या दिवशी उठणार असे म्हणत होता, शिष्य प्रेत पळवतील आणि उठला म्हणून गाजावाजा करतील, पहारा द्या. मग कबरीच्या तोंडावर धोंडा, धोंड्याला दोर, दोरावर मोहोर, आणि दोन शिपाई. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी. पिलात क्लेव्हियसला बोलावून सांगतो की प्रेत हुडकून आण.

इथून पुढचा तासभर मी खुर्चीच्या टोकावर बसून पाहिला. प्रेत कुठे आहे हे तर मला हवेच होते, पण त्याहून ती चौकशी मला फार ओळखीची वाटली. रोमचा बादशहा तिबेरियस लवकरच दौऱ्यावर येणार आहे. त्याच्या आधी सगळे शांत पाहिजे. पिलाताला सत्याची घाई नाही, अहवालाची घाई आहे. एखादे प्रेत मिळाले, जरा सडलेले असले आणि ओळख पटेनाशी झाली तरी त्याचे काम भागणार आहे. क्लेव्हियस नुकती पुरलेली प्रेते उकरून काढतो, नाकाला फडके लावून एकेक तपासतो. हाताखाली ल्यूशियस नावाचा नवा पोरगा. टॉम फेल्टन नावाच्या नटाने ते काम केले आहे. आमच्या मुलीने त्याला हॅरी पॉटरमधला म्हणून लगेच ओळखले असते.

वाचकहो, इथे एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात एक फाईल गहाळ झाली. कार्यालयाचे नाव सांगत नाही. जबाब लिहून घ्यायला मला बसवले. पहिल्याच दिवशी वरून निरोप आला की साहेबांचा दौरा आहे, त्याआधी अहवाल पाहिजे, आणि शिपायाकडून निष्काळजीपणा झालेला दिसतो ना, जरा बघा. तीन साक्षीदारांचे जबाब आले. तिघांनी 'निष्काळजीपणा' हा शब्द लिहिला होता, आणि तिघांनीही तो एकाच जागी चुकवला होता. तेव्हा मी काय केले? मी तिन्ही जबाब क्रमांक टाकून फाईलला लावले. शेऱ्यात त्या चुकीचा उल्लेख केला नाही. शिपायाची एक वेतनवाढ गेली. हे मी या सदरात आज पहिल्यांदा लिहितो आहे. क्लेव्हियस पिलातासमोर उभा राहतो आणि पिलात त्याला नुसत्या भुवईने सांगतो की तुला काय सापडायला हवे, तेव्हा मला पडद्याकडे बघवेना.

आता पहारेकऱ्यांचे बघा. चार शुभवर्तमानांपैकी कबरीवरचा पहारा फक्त मत्तयाने सांगितला आहे. मार्क, लूक, योहान यांना तो माहीत नाही किंवा सांगावासा वाटला नाही. मत्तय म्हणतो की पुरोहितांनी पहारेकऱ्यांना पैसे दिले आणि सांगायला लावले की आम्ही झोपलो असताना शिष्यांनी प्रेत चोरून नेले. ही गोष्ट आजवर लोकांत चालू आहे, असेही मत्तय लिहितो. म्हणजे प्रेत चोरीला गेले असे म्हणणारे लोक मत्तयाच्या काळीच होते, आणि त्यांना उत्तर देण्याची गरज त्याला वाटत होती, एवढे यातून निघते. आणि जबाबातला घोटाळा तर उघडच आहे. झोपलेल्या माणसाला चोर कोण होता हे कसे कळले? ही खोच फार जुन्या काळापासून लोकांनी काढली आहे. सिनेमातला क्लेव्हियसही पहारेकऱ्याला सोडत नाही. एका गुत्त्यात त्याला गाठतो. दारूने आणि भीतीने थरथरणारा तो शिपाई पढवलेला जबाब बाजूला ठेवून खरे काय पाहिले ते बोलू लागतो. धोंडा कसा उडाला, उजेड कसा पडला. सबंध चित्रपटात मला हा प्रसंग सर्वांत आवडला. त्या शिपायाच्या बोलण्यात काहीही सिद्ध होत नाही. तो खोटे बोलत नाही एवढेच कळते. खोटे न बोलणारा माणूस बरोबर असतोच असे नाही, हे ज्याने जबाब घेतले आहेत त्याला ठाऊक असते.

ज्या गोष्टी तपासून बघता येतात त्या मी घरी येऊन बघितल्या. पिलात खराच होता. इस्राएलमधील सिझेरिया इथे १९६१ साली त्याच्या नावाचा कोरीव दगड सापडला, त्यावर त्याचा हुद्दा आहे. तो सन २६ ते ३६ या काळात तिथला अधिकारी होता. क्रुसावर देणेही खरे. १९६८ साली जेरुसलेमजवळ एका कबरीत टाचेचे हाड मिळाले, त्यात लोखंडी खिळा तसाच अडकलेला होता. परंतु बादशहाचा दौरा मात्र खोटा. तिबेरियस सन २७च्या सुमारास काप्री बेटावर जाऊन राहिला तो सन ३७ मध्ये मरेपर्यंत खुद्द रोम शहरातही परतला नाही, तो जेरुसलेमला कशाला येतो? लेखकांनी तो दौरा चौकशीला घाई आणण्यासाठी घातला. मी त्यांना दोष देत नाही. आमच्याकडेही दौऱ्यावाचून कामाला घाई येत नाही.

दोष द्यायचा आहे तो दुसऱ्या गोष्टीबद्दल, आणि घरातल्या भगिनींनी हा भाग जरूर वाचावा. क्लेव्हियसला मग्दालीन मरियेचा शोध घ्यायचा असतो. तो बराकीत जाऊन शिपायांना विचारतो की या बाईला कोण कोण ओळखतो. एक हात वर होतो, मग दुसरा, मग बरेच. प्रेक्षकांनी इथे हसायचे आहे. मास्तर हसले नाहीत. मीही हसलो नाही, पण मला वाटत होते की बायबलातच तसे लिहिले असेल. मास्तरांनी सिनेमा थांबवला आणि म्हणाले, "सेक्रेटरी, हे आमच्या पुस्तकात नाही."

आणि खरेच नाही. त्यांनी मला लूकच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढून दाखवला. तिथे मग्दालीन मरियेविषयी लिहिले आहे की तिच्यातून सात भुते निघाली होती, आणि ती व इतर काही स्त्रिया आपल्या पदरचे खर्चून येशूची व शिष्यांची सोय पाहत होत्या. म्हणजे आजारातून बरी झालेली आणि चळवळीला पैसा पुरवणारी बाई. त्याच्या अलीकडच्या, सातव्या अध्यायात एक पापी स्त्री येते, येशूच्या पायांवर रडते, तिचे नाव दिलेले नाही. सन ५९१ मध्ये पोप पहिला ग्रेगरी याने प्रवचनात या दोघींना आणि बेथानीच्या मरियेला धरून तिघींची एकच बाई करून टाकली. झाले. पुढची चौदाशे वर्षे चित्रांत, नाटकांत, सिनेमांत मग्दालीन म्हणजे वेश्या. कॅथलिक चर्चने १९६९ साली आपल्या पंचांगात सुधारणा करताना ती गल्लत सोडून दिली. २०१६च्या जून महिन्यात तर पोप फ्रान्सिस यांच्या काळात तिचा स्मरणदिन प्रेषितांच्या बरोबरीचा सण ठरला. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत लागलेल्या या सिनेमात शिपाई हात वर करतात!

आता शंकेखोराच्या नजरेतून सांगितलेल्या सिनेमाने निदान इथे तरी शंका घ्यायला नको होती का? चारही शुभवर्तमाने कबरीकडे सर्वांत आधी कोण गेले यात मग्दालीनचे नाव घेतात. साक्षीदार क्रमांक एक ती आहे. शिष्य दडून बसले होते तेव्हा बाया उजाडता उजाडता कबरीवर गेल्या. ज्या साक्षीदाराची साक्ष मोडायची असते त्याचे चारित्र्य आधी काढायचे, ही युक्ती कोर्टात चालते, गावात चालते, आणि आपल्या वस्तीत एखादी बाई सभेत उभी राहून हिशेब मागू लागली की तिथेही चालते. गेल्या खेपेच्या लेखावर ज्या भगिनींचे फोन आले त्यांतल्या दोघींनी हेच सांगितले. हिशेब मागितला की दुसऱ्या दिवशी 'ही कुठे कुठे जाते' याची चर्चा सुरू. मारिया बोट्टो या नटीने मग्दालीनचे काम फार शांतपणे केले आहे. क्लेव्हियस धमकावतो आणि ती त्याच्याकडे दयेने बघते. तिला ते बराकीतले हात लावून ठेवायची काही गरज नव्हती.

असो. चौकशी पुढे सरकते. बर्थलमय नावाचा शिष्य सापडतो, तो हसतमुख, मार खायलाही तयार, त्याला कशाची भीतीच उरलेली नाही. त्याच्याकडून काही हाती लागत नाही. मग एका घराची झडती. क्लेव्हियस दार ढकलून आत जातो. आत शिष्य बसलेले, आणि त्यांच्यामध्ये तो. ज्याच्या कुशीत भाला घालायला स्वतः सांगितले होते तो माणूस जिवंत, हसतोय. क्लेव्हियसच्या हातापायातले बळ जाते, तो तिथेच भिंतीला टेकून बसतो.

आणि वाचकहो, इथेच माझ्यापुरती चौकशी संपली. चित्रपट अजून निम्मा बाकी होता.

माझे म्हणणे नीट समजून घ्या. हा चित्रपट श्रद्धावंतांसाठी काढलेला आहे, त्यांनी येशूला उठवले यात मला तक्रार नाही. त्यांच्या घरी गेल्यावर त्यांच्या देवाला हात जोडत नसलो तरी चपला बाहेर काढतोच की. तक्रार ही आहे की शंकेखोराला नायक केले आणि त्याला शंका घ्यायला काही ठेवलेच नाही. जो मेलेला पाहिला तो समोर बसून बोलतो म्हटल्यावर विश्वास न ठेवायला माणूस दगड असावा लागेल. तुमच्या-माझ्यासमोर तो प्रश्न अशा रीतीने कधी येतच नाही. आपल्यासमोर पुस्तक येते, सांगणारा माणूस येतो, आणि सांगणाऱ्याचे रडलेले डोळे येतात. प्रश्न असा येतो की याचे ऐकायचे का. क्लेव्हियसला तो प्रश्न एका दाराने वाचवला. योहानाच्या पुस्तकात थोमा नावाच्या शिष्याची गोष्ट आहे. मी खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय मानणार नाही, असे तो म्हणाला. त्यालाही खुणा दाखवल्या गेल्या. मास्तर म्हणतात, न बघता मानणारे अधिक धन्य, असे येशूने त्याला सांगितले. मी म्हणतो, मास्तर, थोमाला आधी दाखवले आणि मग सांगितले, आम्हाला नुसतेच सांगता.

याहून कडक माणूस मी एका जुन्या सिनेमात पाहिला, 'बराब्बास', १९६१ सालचा, अँथनी क्विनचा. स्वीडनच्या पार लागेरक्विस्त यांच्या १९५० सालच्या कादंबरीवरून काढलेला. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले. येशूच्या जागी ज्या दरोडेखोराला सोडून दिले त्याची ही गोष्ट. दुसरा माणूस माझ्या जागी मेला, का मेला, हे त्याला उभ्या आयुष्यात कळत नाही. सिसिलीच्या गंधकाच्या खाणीत तो वर्षानुवर्षे सडतो, रोमच्या आखाड्यात लढतो, ख्रिस्ती लोकांत वावरतो आणि तरी त्याला धड मानताही येत नाही नि सोडताही येत नाही. त्यातला क्रुसाचा प्रसंग १५ फेब्रुवारी १९६१ रोजी इटलीत खऱ्या खग्रास सूर्यग्रहणात चित्रित केला होता. दिवसा अंधार पडतो तो खरा अंधार आहे. बराब्बास तो अंधार पाहतो आणि डोळे चोळतो. इतके दिवस कोठडीत होतो म्हणून असे दिसते का, असे त्याला वाटते. ती खरी शंका. स्वतःच्या डोळ्यांवरची.

आणि प्रत्यक्ष आयुष्यात क्लेव्हियसची चौकशी ज्याने केली त्याचे काय झाले तेही सांगतो. जर्मनीत हांबुर्ग शहरी हेर्मान रायमारुस नावाचे प्राध्यापक होते, १६९४ ते १७६८. त्यांनी चारही शुभवर्तमाने एकमेकांशी ताडून पाहिली आणि निष्कर्ष काढला की प्रेत शिष्यांनीच हलवले. म्हणजे पुरोहितांचाच आरोप. हा निष्कर्ष बरोबर की चूक ते सोडा, पुढच्या अभ्यासकांनी तो फारसा उचलून धरला नाही. पण त्या गृहस्थांनी हे हस्तलिखित हयातभर मोजक्या मित्रांखेरीज कोणाला दाखवले नाही. मृत्यूनंतर लेसिंग या नाटककाराने लेखकाचे नाव न देता त्यातले भाग छापले. गदारोळ झाला, आणि १७७८ साली लेसिंगला मिळालेली छपाईची मोकळीक काढून घेण्यात आली. तेव्हा त्याने सरळ नाटक लिहिले, 'नाथान डेर वाइज', तीन धर्मांच्या माणसांनी एकत्र कसे राहावे याचे. आमच्या मास्तरांना मी ही हकिगत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "बघा, शेवटी नाटक-सिनेमाच कामाला आला."

रायमारुसला नसलेली एक गोष्ट आज आपल्याला माहीत आहे. चारही शुभवर्तमानांत मार्कचे सर्वांत जुने, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या संपूर्ण प्रतींत सोळाव्या अध्यायातला शेवटचा भाग नाही. आठव्या वचनाशी पुस्तक थांबते. बाया कबरीत जातात, येशू उठला असे एक तरुण त्यांना सांगतो, त्या थरथरत पळून जातात आणि भीतीने कोणाला काही बोलत नाहीत. बस. उठलेला येशू कोणाला भेटला, काय बोलला, काही नाही. भेटीगाठींची वचने नंतर जोडलेली आहेत, आणि आजच्या बऱ्याच बायबलांत तशी टीपही छापतात. माझ्यासारख्याने सिनेमा काढला असता तर तो तिथे थांबवला असता. अर्थात तो कोणी पाहिला नसता.

मी हे सगळे दुसऱ्यांच्या घरातले उकरतो आहे असे कोणाला वाटेल, म्हणून सांगतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना हीच चौकशी आधी आपल्या घरात केली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही परंपरेने चालत आलेली गोष्ट त्यांनी प्रस्तावनेतच प्रश्नाला लावली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. तरीही आपल्या विहारांतून बुद्धजयंतीला ते चार देखावे अजून पुठ्ठ्याचे करून मांडतात. आमच्या मंडळाने गेल्या वर्षी मांडले. रंग मी आणून दिला होता.

आता मास्तरांच्या घराविषयी. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत त्यांच्या पत्नी गेल्या. दवाखान्यातून त्यांना मिळाली ती बंद पिशवी. तोंड बघू दिले नाही. कबरस्तानात चौघे जण पांढऱ्या पोशाखात आले, त्यांनीच खाली उतरवले. मास्तर आणि मुलगा लांब, झाडाखाली. मी गेटाच्या बाहेर होतो. पुढे कित्येक महिने मास्तर डबा खाताना मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "सेक्रेटरी, पिशवीत तीच होती ना?" नोंदवहीत नाव होते, क्रमांक होता, सही होती. मी स्वतः जाऊन पाहून आलो आणि तसे त्यांना सांगितले. नोंदीवर माझा विश्वास आहे. पण त्यांच्या प्रश्नाला नोंद पुरत नव्हती.

आमच्या विहारात आम्ही किसा गोतमीची गोष्ट सांगतो. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या आईला बुद्धाने ज्या घरी कोणी मेले नाही त्या घरची मूठभर मोहरी आणायला सांगितली. मी ती गोष्ट शंभर वेळा सांगितली असेल, कार्यकर्ता म्हणून, दुखवट्याला. मास्तरांना सांगवली नाही. त्या वर्षी मोहरीसाठी कोणते दार शिल्लक होते? सगळ्यांनाच ठाऊक होते.

त्या खोलीच्या प्रसंगाशी त्यांनी दुसऱ्यांदा सिनेमा थांबवला. पडद्यावर तो माणूस मध्ये बसलेला, तोंड स्पष्ट दिसते आहे. येशूचे काम क्लिफ कर्टिस या न्यूझीलंडच्या मावरी नटाने केले आहे. गोरा, निळ्या डोळ्यांचा येशू नाही, सावळा, दमलेला, शेतावरून आल्यासारखा. मास्तर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुमची चौकशी तुम्ही करा. करायलाच पाहिजे. मला त्यातले काही नको. मला एवढेच हवे आहे, दार उघडावे आणि माणूस बसलेला दिसावा, तोंडासकट."

मी काही बोललो नाही. माझ्याजवळ मार्कचा आठवा श्लोक होता, तिबेरियसचे काप्री बेट होते, झोपलेल्या पहारेकऱ्याचा जबाब होता. यातले एकही खोटे नव्हते आणि एकही त्या घडीला बाहेर काढण्यासारखे नव्हते. चहा करायला मी उठलो. त्यांच्या स्वयंपाकघरात डबे अजून वहिनींनी लावलेल्या क्रमानेच आहेत, साखर सापडायला वेळ लागला नाही.

उरलेला सिनेमा आम्ही पाहिला. क्लेव्हियस शिष्यांच्या मागे गालीलात जातो, समुद्रावर जाळे माशांनी भरते, एक महारोगी बरा होतो. पिलाताने पाठवलेला ल्यूशियस त्याला गाठतो, पण क्लेव्हियस हाती आलेल्या त्या पोराला मारत नाही. ज्याने सुरुवातीला बंडखोरांना सहज कापले त्याच्या हातून तलवार खाली येते, हे मात्र मला चमत्कारांपेक्षा पटले. सिनेमाच्या आरंभी पिलाताने त्याला विचारलेले असते की तुला शेवटी काय हवे आहे, आणि अधिकार, पैसा, घर अशी यादी सांगत तो येतो ते शांततेवर, ज्या दिवशी कोणी मरणार नाही अशा एका दिवसावर. तो दिवस त्याला तेव्हा मिळतो. शेवटी वाळवंटातल्या एका खानावळीत जेवणाचे पैसे म्हणून तो आपली हुद्द्याची अंगठी काढून ठेवतो आणि निघून जातो.

हा लेख लिहून झाल्यावर मी मास्तरांना वाचायला दिला. त्यांच्या घरातले लिहिले होते, विचारल्याशिवाय छापणे बरे नव्हते. दुपारच्या सुट्टीत त्यांनी पेन्सिल घेऊन वाचला. मार्कच्या वचनाला मी 'श्लोक' म्हटले होते, ते त्यांनी अधोरेखित केले आणि हसले. मग्दालीनच्या भागाशी लिहिले, "रविवारच्या मुलींना हे सांगतो." दुखवट्याच्या भागावर काहीच खूण केली नाही, पान उलटून दोन मिनिटे तसेच बसले. शिपायाच्या वेतनवाढीपाशी मात्र त्यांनी थांबून विचारले, "सेक्रेटरी, तो निवृत्त झाला का हो?" मी म्हणालो, पुढच्या मे महिन्यात होतोय. "मग अजून अर्ज करता येईल," ते म्हणाले, "तुम्ही तो शेरा आता लिहून द्या. साक्षीदार म्हणून खाली मी सही करतो."

तीन जबाबांच्या प्रती माझ्या कपाटात आहेत. सोमवारी काढतो.